फवारणीच्या दिवसांतले शनिवार

पोळा होऊन गेला की अकोल्याहून अमरावतीला जाताना मी गाडीची काच खाली करते. बरोबर कोणी असेल तर त्याला ते आवडत नाही. बाहेर ऊन असतं, धूळ असते. पण मूर्तिजापूर मागं पडलं की दोन्ही बाजूंना खांद्याएवढी कापसाची पऱ्हाटी उभी असते, मधूनच तुरीची गर्द ओळ जाते, आणि वारा आडवा आला की तो वास येतो. गोडसर, थोडा कुजक्या लसणासारखा, नाकातून थेट घशात उतरणारा. कोणाच्या तरी पाठीवर पंप आहे आणि तो माणूस ओळीतून चालला आहे, एवढं त्या वासावरून कळतं. माणूस पुरता दिसत नाही. पऱ्हाटीच्या वर फडकं बांधलेलं डोकं तेवढं सरकताना दिसतं.

मी अकोल्यात जठारपेठेत राहते आणि फिजिशियन म्हणून काम करते. भादव्यापासून दसऱ्यापर्यंत आमच्या वॉर्डात फवारणीचे पेशंट येतात. त्यांना तपासताना माझे हात सवयीनं चालतात. रस्त्यावर मात्र तो वास आला की मी डॉक्टर उरत नाही. चांदूर बाजारच्या शाळेतली नववीची मुलगी होते. दोन वेण्या, निळा स्कर्ट, पायात रबरी चप्पल, आणि डोक्यात येणारा शनिवार.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट गेली. बोंडअळी एकदा कापसावर बसली की उठत नव्हती. एक औषध लागू पडलं नाही की दुसरं आणायचं, दुसऱ्यानं भागलं नाही की दोन्ही एकाच ड्रमात कालवायची. आमच्या गावात विहारासमोरच्या ओट्यावर बसणारी माणसं त्या औषधांची नावं अशी घ्यायची, जशी सोयऱ्यांची घेतात. कोणतं कडक, कोणतं नरम, कोणाचा भरवसा धरावा. बाबा कापसाच्या मार्केटमध्ये हमाली करायचे, माय रोजानं शेतात जायची, आणि बाबांचा धाकटा भाऊ, आमचा गौतमकाका, फवारणीचा माणूस होता. पाठीवर पंप आला की त्याची चालच बदलायची. एका हातानं दांडा वरखाली, दुसऱ्या हातानं नळी डावीउजवीकडे, आणि पाय न अडखळता पुढं. लोक त्याला मुद्दाम बोलवून न्यायचे. तो अधूनमधून प्यायचाही. आणि माणसांचं असं असतं की पिणाऱ्याचं पिणं तेवढं त्यांच्या ध्यानात राहतं, चालणं राहत नाही.

डॉक्टर हा शब्द आमच्या घरात होता, नाही असं नाही. पण डॉक्टर म्हणजे पडद्याच्या पलीकडचं माणूस. आपण अलीकडं उभं राहायचं, पोट दुखतं म्हणून सांगायचं, गोळ्या घ्यायच्या आणि निघायचं. पलीकडं काय चालतं ते पाहिलेलंच नव्हतं. जे पाहिलं नाही ते हवंसं कसं वाटणार? नको म्हणायलासुद्धा आधी ते दिसावं लागतं.

तो पडदा आमच्यासाठी बाजूला केला डॉक्टर रुखसाना मॅडमनी. त्यांचं माहेर अकोल्याचं, सासर चांदूर बाजारचं. सासऱ्यांचं सायकलींचं दुकान होतं. दुकानाच्या मागं जुनं गोदाम होतं, तिथं मॅडमनी दवाखाना काढला होता: थोड्या खाटा, तपासायची खोली, आणि अगदी टोकाला रक्त-लघवी तपासायची अंधारी खोली. मॅडम उंच, सडसडीत, आवाज बसका. पांढऱ्या कोटाच्या बाह्या नेहमी कोपरापर्यंत दुमडलेल्या. बोलायच्या आमच्यासारखंच वऱ्हाडी, मध्येच हिंदीत शिरायच्या आणि पुन्हा परत यायच्या.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला शाळेनं त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. झेंडावंदन झालं, हेडसरांनी ओळख करून दिली, आणि मॅडम माइकसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मले भाषण येत नाही. मले पोट्टे पाहिजेत. आठवी-नववीचे. शनिवारी शाळा सुटली की दवाखान्यात पाठवा. डॉक्टर करून देते, असं मी म्हणून नाही राहिली. दवाखाना आतून कसा असते, तेवढं पाहून जातीन." एवढं बोलून त्या खाली बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला कळलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची असायची. पहिल्या शनिवारी आम्ही काही मुलं-मुली रांगेनं दवाखान्यात गेलो. मॅडमनी आम्हाला भिंतीशी बाकावर बसवलं. कशालाही हात लावायचा नाही, कोणावर हसायचं नाही, आणि इथं ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, असं बजावलं. मग म्हणाल्या, "पेशंट आत आला की आधी त्याचं नाव इचारायचं. दुखणं मंग. नाव इचारलं की माणूस अर्धा मोकळा होते."

आम्ही बघत राहिलो. ताप, खरूज, विंचू, हातावर पडलेली उकळती डाळ. मॅडम एखाद्या पेशंटची परवानगी घ्यायच्या आणि आमच्यातल्या एकाला पुढं करायच्या, "इचार त्यायले." आम्ही विचारायचो, चुकायचो. एका आजीला मी विचारलं, "कुठं दुखते?" ती म्हणाली, "कुठं नाही ते इचार, बाई." सगळे हसले, आजीही हसली. मॅडमनी मात्र तेच धरलं. "बरोबर बोलली ते. पाह, आता कुठं नाही दुखत ते इचारत जाय. मंग उरलेलं आपोआप समजते." आजही मी हे करते. माझ्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना वाटतं ही काहीतरी खास पद्धत असावी.

माझी मैत्रीण रंजना माझ्या शेजारी बसायची. तिचे वडील एका संत्र्याच्या बगिच्यात राखणदार होते. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी मॅडम एका पेशंटच्या पायाच्या जखमेची पट्टी सोडत असताना ती पांढरीफटक पडली आणि बाकावरून घसरून खालीच बसली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मॅडमनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "कोणाले रक्त पाहून चक्कर येते, कोणाले गणित पाहून. त्यात लाजाचं काय? चल बेटा, इकडं ये." त्यांनी तिला टोकाच्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. काचेवर रक्ताचा थेंब पसरलेला होता. तेच रक्त, पण आता ते जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांचं शेत झालं होतं. "याच्यात एक अंगठी दिसते का? बारीक? तोच मलेरिया. त्या पोराले ताप याच्यानंच येऊन राहिला." रंजना तिथून उठेचना. घरी जाताना वेशीपाशी आल्यावर ती म्हणाली, "मी थेच काम करीन." ती आज अमरावतीत रक्तपेढीत आहे. तिच्या सहीशिवाय पिशवी बाहेर जात नाही. जखम पाहून तिला अजूनही चक्कर येते.

मॅडमनी आम्हाला असं एकेक काम दाखवलं. सिस्टर सलाइन लावताना हात का चोळते, कंपाउंडर गोळ्या देताना त्याच गोष्टी दोनदा का सांगतो, लकवा झालेल्या माणसाची बोटं रोज कोणी आणि कशी हलवायची. दवाखाना म्हणजे एकटा डॉक्टर नाही हे आम्हाला सांगून कळलं नसतं. तिथं बसून कळलं.

आणि त्यांनी आम्हाला एक शब्द बदलायला लावला. आमच्याकडे फवारायच्या विषालाही औषधच म्हणतात. औषध मारलं, औषध आणलं, आणि कोणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं तरी औषध घेतलं. मॅडमना ते चालायचं नाही. "शेतात मारतेत ते विष," त्या म्हणायच्या. "इथं मी देते ते औषध. एकच नाव ठेवलं म्हणून तर लोक दोन्ही एकाच फळीवर ठेवतेत." घरी मी तसं म्हटलं तर बाबा हसले, गौतमकाका जोरात हसला. "म्हणजे मी दिसभर विष पाठीवर घेऊन फिरून राहिलो का वं?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मंग मले साप म्हण."

पोळा झाला आणि पाऊस थांबून कडक ऊन पडलं. अशा उघडिपीत फवारणीला जोर येतो. एका शनिवारी बैलगाडीतून एका माणसाला आणलं. आमच्या गावचा नव्हता. तोंडातून फेस, कपडे घामानं चिंब, छाती घरघरत होती. आणणारे म्हणाले सकाळपासून फवारत होता, दुपारी पडला, आम्हाला वाटलं पिऊन आला, म्हणून झोपू दिलं. मॅडम आणि सिस्टर धावल्या. त्यांनी त्याचे कपडे काढले, अंग साबणानं धुतलं, सुई टोचली. आम्हाला बाहेर जा म्हणायला कोणाला सुचलं नाही. थोडी उसंत मिळाल्यावर मॅडमनी हातातली टॉर्च त्याच्या डोळ्यावर धरली आणि आम्हाला जवळ बोलावलं.

"डोळ्यातली बाहुली पाहा. टाचणीचं टोक दिसते ना? हे विष अंगात गेलं की अशी होते. लाळ, घाम, घरघर, आनं ही बाहुली. दारूनं असं होत नाही. ध्यानात ठेवा."

त्याला जीपमध्ये घालून अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पुढच्या शनिवारी आम्ही जाऊन बसल्या बसल्या मॅडमनी आधी तेच सांगितलं. "तो गेला. उशीर झाला होता. तुमाले खोटं नाही सांगणार." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आमच्यातली एक मुलगी रडायला लागली. मॅडमनी तिला जवळ घेतलं, पण मरणाबद्दल गोड बोलल्या नाहीत. त्याचं नाव काय होतं ते मात्र त्यांनी आम्हाला सांगितलं.

ही गोष्ट गावभर झाली. एका मुलाचे वडील शाळेत आले आणि लेकरांना मढी दाखवता का म्हणून हेडसरांवर चिडले. हेडसर वाईट माणूस नव्हते. शिस्तीचे, हळवे, आणि पालकांच्या रागाला भिणारे होते. त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. माझा वर्ग ऑफिसला लागून होता, भिंत अर्धीच होती, त्यामुळं आम्ही सगळं ऐकलं.

"मॅडम, लहान आहेत पोरं," हेडसर म्हणाले. "त्यांना हे दाखवायचं वय नाही."

"सर, हेच पोट्टे दोन वर्षांनं पंप पाठीवर घेतीन. तवा कोणी वय इचारीन का?"

"ते त्यांच्या घरचं झालं. शाळेची जबाबदारी आहे. आणि खरं सांगू? तुम्ही त्यांना स्वप्नं दाखवता. नंतर ती पुरी कोण करणार?"

"स्वप्न नाही दाखवत, सर. काम दाखवून राहिली."

हेडसरांनी ऐकलं नाही. शनिवार बंद झाले. वर्गातली पोरं शनिवारी सरळ घरी जायला लागली. कापसाची वेचणी लागायची होती, सहामाही परीक्षा तोंडावर होती, आणि एखादी गोष्ट बंद झाली की ती बंद होणारच होती, असं मानायची आम्हाला सवय होती.

मला ते मानवलं नाही. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. मी काही शाळेत पहिली येणारी नव्हते. पण त्या बाकावर बसून मला पहिल्यांदाच असं वाटलं होतं की माझं बघणं कोणाच्या उपयोगी पडू शकतं. पुढच्या शनिवारी शाळा सुटली आणि मी एकटीच दवाखान्यात जाऊन बाकावर बसले. मॅडम पेशंट तपासता तपासता थांबल्या.

"तुमच्या शाळेनं बंद केलं ना?"

"शाळेनं केलं. मी नाही केलं."

त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "मंग मायले घेऊन ये. माय हो म्हणीन तर बस. तिच्या मर्जीबगर मी तुले इथं ठेवणार नाही."

माय हो म्हणणार नव्हती, हे मला माहीत होतं. शनिवारची दुपार म्हणजे तिच्यासोबत शेतात तण काढायला, निंदायला जायची वेळ. आतापर्यंत शाळेचा हुकूम म्हणून तिनं चालवून घेतलं होतं. संध्याकाळी चुलीपाशी मी विषय काढला. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "दवाखान्यात बसून काय भेटते? मरता माणूस पाहून आली, चार दिवस जेवली नाही. कायले पाहिजे ते?" मी म्हटलं, मला पाहिजे. "कावून पाहिजे?" मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "मंग नाही," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मी रोज विचारत राहिले. ती रोज नाही म्हणाली. मीही थांबले नाही. आमच्या घरात भांडण आवाज चढवून होत नसे. तेच तेच शांतपणे बोलून होत असे.

असाच एक सुट्टीचा दिवस. मी मायसोबत निंदायला गेले होते. शेजारच्या शेतात, त्याच मालकाच्या, गौतमकाका फवारत होता. सकाळभर त्याच्या पंपाचा खट्‌खट् आवाज ऐकू येत होता. नळीचं तोंड तुंबलं की तो ते तोंडात धरून फुंकायचा. सगळेच फवारणारे फुंकायचे. दुपारी आवाज थांबला. बायका म्हणाल्या, जेवायला बसला असेल. मग कोणीतरी धुऱ्याच्या बांधाकडं बोट केलं. तो बाभळीपाशी उन्हातच आडवा झाला होता, पंप बाजूला लवंडलेला.

"झालं. आज सकाळूनच चढवली वाटते," एक बाई म्हणाली. मालक तिथंच ट्रॅक्टरपाशी होता. त्यानं जवळ जाऊन पाहिलं आणि परत आला. "झोपू द्या. उतरली की उठीन."

मी गेले. काकाच्या तोंडातून लाळ येत होती. शर्ट चिंब होता; घामानं किती आणि विषानं किती, कोण सांगणार. दंडाचं मांस आपोआप थरथरत होतं. मी त्याची पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. पण डोक्यावर ऊन होतं, आणि उन्हात सगळ्यांचीच बाहुली लहान होते, हे मला मॅडमनीच दाखवलं होतं. मी माझी ओढणी दुहेरी करून त्याच्या डोक्यावर आणि माझ्या डोक्यावर घेतली, आत अंधार केला आणि थांबले. पुन्हा पापणी उचलली. बाहुली तेवढीच होती. तसूभरही मोठी झाली नव्हती.

"माय, काका प्यालेला नाही," मी ओरडून सांगितलं. "त्याले विष लागलं. दवाखान्यात न्या."

माय आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली वाकून काकाच्या तोंडाचा वास घेतला. दारू तिला ओळखू येत होती; दिराची, भावाची, बापाची, सगळी तिनं ओळखली होती. ती उठली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. "दारूचा वास नाही," ती म्हणाली. "ट्रॅक्टर काढा, मालक."

मालक घुटमळला. "बाई, पोट्टीच्या सांगण्यावर कुठं..."

"पोट्टी म्हणून नाही," माय म्हणाली. "तिनं हे पाहिलं हाय. तुमी पाहिलं का कधी? मी पाहिलं? मंग?"

मालकानं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. मी हातांना बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या आणि काकाचा शर्ट काढला. बायकांनी प्यायच्या पाण्याचे कॅन आणून त्याच्या अंगावर ओतले. त्याला कुशीवर वळवून ट्रॉलीत घातलं आणि आम्ही निघालो. खड्डा आला की त्याचं डोकं माझ्या मांडीवर आपटायचं. माय समोर बसून त्याचे पाय धरून होती आणि सारखी म्हणत होती, "भाऊजी, हूं म्हणा. हूं म्हणा, भाऊजी." मध्ये एकदा तो हूं म्हणाला. पुढं तेवढंही नाही.

दवाखान्यात मॅडम सुई भरता भरताच म्हणाल्या, "काय पाहिलं? एकामागं एक सांग." मी सांगितलं. लाळ, घाम, दंडाची थरथर, बाहुली. सावलीत धरून पाहिलेली. त्यांचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला. काकाची छाती जरा मोकळी झाली तसा त्यांनी अमरावतीला फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरला त्या सांगत होत्या ते शब्द माझे होते, त्याच क्रमानं. मी सांगितलेलं अमरावतीपर्यंत गेलं. मला त्यांनी शाबासकी दिली नाही. जीप निघताना खिडकीत हात घालून एवढंच म्हणाल्या, "जीपमध्ये त्याले कुशीवरच ठेव. तोंड पुसत राय."

काका वाचला. काही दिवस श्वासाच्या मशीनवर होता, मग खाटेवर, मग दसऱ्याच्या आसपास घरी आला. वाळलेला, आवाज बसलेला. पुढच्या हंगामात तो पुन्हा फवारायला गेला. मला राग आला होता, पण दुसरं काम त्याला येत नव्हतं आणि कोणी देतही नव्हतं. मात्र नळी तोंडानं फुंकणं त्यानं सोडलं. वारा कुठून येतो ते पाहून चालायला लागला, काम झालं की कपडे बाहेर काढून विहिरीवर साबणानं आंघोळ करायला लागला, आणि कोणी हसलं तर म्हणायचा, "मी वर जाऊन आलो ना बाप्पा. तिथं पंप नाही देत."

पुढं काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही. अभ्यासाची वर्षं दुरून सगळ्यांची सारखीच दिसतात. अकरावीला अमरावतीत राहिले, एकदा मेडिकलचा प्रवेश हुकला, दुसऱ्यांदा मिळाला. इंग्रजी पुस्तकांपुढं बसून रडले तेव्हा मॅडमनी फोनवर सांगितलं, "तू बाहुली मराठीत वळखली होती. बाकीचं शब्दांचं काम हाय, शिकशीन." मॅडम आता थकल्या आहेत, दवाखाना त्यांची पुतणी चालवते. मी अकोल्यात दर शनिवारी एका शाळेची मुलं वॉर्डात आणते. परवाच नववीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, मले डॉक्टर नाही व्हायचं. मले अ‍ॅम्ब्युलन्स चालवायची हाय. चालते का?" मी तिला ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवलं, आणि आमच्या ड्रायव्हरनं तिला ऑक्सिजनची नळी कुठं असते ते दाखवलं. सगळ्यांनी डॉक्टर व्हावं असं मला वाटत नाही. ही कामं आहेत, ती माणसं करतात, आणि ती माणसं आपल्यासारखीच बोलतात, एवढं वेळेवर कळावं. वेळेवर म्हणजे पंप पाठीवर येण्याआधी, लग्नाची बोलणी लागण्याआधी.

पण हे सगळं सुरू राहिलं ते माझ्यामुळं नाही. त्या सीझनमधला जो दिवस मला सगळ्यात स्वच्छ दिसतो, तो काकाचा नाही. काका अजून अमरावतीलाच होता. सकाळी मायनं धुतलेली साडी नेसली, मला म्हणाली, "चल, तुया शाळेत." ती शाळेत कधी आलेली नव्हती. फाटकातून आत येताना तिनं चप्पल काढायला सुरुवात केली, मी नको म्हटलं तेव्हा थांबली. हेडसरांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"दिराचं ऐकलं मी," हेडसर म्हणाले. "वाचले, फार बरं झालं. मुलगी धीराची आहे तुमची. पण बाई, एक सांगा, तिला डॉक्टर करणं तुम्हाला झेपणार आहे का? लांबचा रस्ता आहे. उगीच तिच्या मनात भरवून..."

"डॉक्टर करा म्हणून मी आलीच नाही, सर," माय म्हणाली. "ती काय होईन, ते तीच पाहीन. मी शनिवार मागून राहिली."

हेडसरांनी समोरचं रजिस्टर मिटलं.

"आनं मायी पोट्टी एकटी नाही जाईन," माय म्हणाली. "सगळे पोट्टे जातीन. फवारा सगळ्यायच्याच घरी हाय."

टेबलावरच्या काचेवर हेडसर बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि नववीचा वर्ग बाहेर मैदानात उभा करायला सांगितलं. मला वाटलं, आता माय निघेल. तिचा अर्धा दिवस गेला होता. ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. पोरं रांगा धरून उभी राहिली, हेडसर बाहेर आले, शनिवारी कुठं जायचं ते त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, आणि ते पुरतं ऐकून झाल्यावरच माय कामाला गेली.